माझी केस आर पंचावन्नची

३ फेब्रुवारी, सोमवार. सणसर.
दवाखान्यातून घरी. बारामतीच्या मंडईत मेथीची जुडी बघताना चक्कर आली, एवढंच. कुणा दोघांनी छाती दाबून दाबून बरगड्या दुखवल्या. डॉक्टर म्हणतात, हृदय चार मिनिटं बंद होतं, नाडी लागत नव्हती, शॉक देऊन परत आणलं. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाची नाडी यांना सापडत नाही!
आता छातीत मशीन बसवायचं म्हणतात. पुन्हा बंद पडलं तर ते आतून शॉक देणार. तारीख तेरा. 'विचार करून येतो' अशी सही ठोकून सुटलो.
संकल्प: पाचवीतली सूर्योदयाची कविता रोज सकाळी न थांबता म्हणायची. वीस ओळी. त्या म्हणता आल्या की मशीन कशाला? आज चौदा झाल्या. बरगड्यांमुळे.

४ फेब्रुवारी
सून सुप्रिया घरी बसून कंपनीचं काम करते. अमेरिकेतल्या पेशंटांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला कोड द्यायचा. तिच्यापुढे माझं दवाखान्यातलं कार्ड ठेवलं. म्हणाली, आय शेहेचाळीस, कार्डियाक अरेस्ट. मी विचारलं, चक्कर येऊन पडण्याला काय? म्हणाली, आर पंचावन्न. सुटसुटीत. मी म्हणालो, मग माझा तोच.
ती म्हणाली, "आबा, चक्कर आलेला माणूस आपोआप उठतो. तुम्हाला उठवावं लागलं."
पोर हुशार आहे, पण शब्दात अडकते.

६ फेब्रुवारी, सकाळी
मोठा शोध! पेशंट जीव वाचून घरी गेला की त्याच अरेस्टचा कोड बदलतो. झेड शहाऐंशी, म्हणजे 'पूर्वी झालेला'. अहाहा, कोडांना काळ असतो! आय वर्तमान, झेड भूत. शाळेच्या लिंबाखाली चाळीस पोरांकडून काळ घोकून घेतले ते दिवस आठवले. डोळे भरून आले. भूतकाळाला मशीन कशाला बसवायचं?
सुप्रिया म्हणाली, बंद पडणं भूतकाळ झालं, पण हृदयाचा पंप पंचवीस टक्केच चालतोय. त्याचा कोड वेगळा, आणि तो रोजचा.
व्याकरण कच्चं आहे तिचं. कविता अकरा ओळी. शेजारी उसाचं पाचट पेटवलं होतं, धुराने घसा बसला.

८ फेब्रुवारी
दवाखान्यात फोन. रेकॉर्ड विभागात मनिषा नावाची मुलगी. तिला समजावलं की कार्डावर चूक आहे, आर पंचावन्न करा, आणि तेराची तारीख रद्द करा, घरात लग्न आहे. तिने गोड आवाजात विचारलं, कुणाचं? घाईत म्हणालो, मुलाचं.
ज्ञानेशच्या लग्नाला नऊ वर्षं झाली.
कागदावर नंबर सुप्रियाचा. मनिषाने तिलाच फोन लावला. दोघींनी मिळून तारीख तशीच ठेवली. संध्याकाळी सुप्रिया चहा ठेवत म्हणाली, "अभिनंदन आबा. माझ्या नवऱ्याचं लग्न ठरवलं, मला निदान पत्रिका तरी द्यायची."
आमची ही, द्वारका, पदरात तोंड घालून हसली. मग हसता हसता रडायला लागली. बायकांचं काही कळत नाही. ज्ञानेश लोणी देवकरहून ड्युटी करून आला, माझ्याकडे न बघता आत गेला. जेवला नाही.

१० फेब्रुवारी
सहा ओळी. या कवितेत स्वल्पविराम फार आहेत, पूर्वी लक्षात आलं नव्हतं.
चपला आटल्या. पाय आत जात नाहीत. हल्लीचं चामडंच तसलं.
सुप्रिया म्हणाली, उपचार नको म्हणणाऱ्यालाही कोड असतो, झेड त्रेपन्न: पेशंटच्या मर्जीने केलं नाही. मी म्हणालो, वा, माझी मर्जी कुठेतरी नोंदवतात तर! ती हसली नाही. म्हणाली, "आबा, तो कोड टाकताना मी त्या माणसाची पुढची फाइल शोधते. बऱ्याच वेळा नसतेच."
विषय बदलला. उसाच्या तोडीबद्दल बोललो.

११ फेब्रुवारी, दुपारी तीन
कविता म्हटली नाही. रोज रोज म्हटलं की गोडी जाते.
जेवून पडलो होतो. जाग आली तर मनगटावर दोन बोटं. द्वारका उशाशी बसलेली, डोळे मिटलेले. सुप्रियाने शिकवलंय म्हणे, नाडी कुठं धरायची ते. आठ दिवस रोज माझा डोळा लागला की येऊन बसते.
मी विचारलं, किती भरले ठोके?
म्हणाली, "मला कुठं यवढं मोजाया येतंय? हाय का न्हाय ते बघतीया."
तिने बोटं काढली नाहीत.
ठरवलं. तेराला जायचं. माझ्यासाठी नव्हे. तिची दुपारची झोप मोडते, केवळ म्हणून.

१३ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ. बारामती.
दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? मी काळ आणि व्याकरणाचा मुद्दा मांडायला सुरुवात केली, तेवढ्यात द्वारका म्हणाली, "सुईला भित्यात वो. पोरांना लस टोचाया शाळेत नर्स यायची तवा ह्ये रजा टाकायचे."
सुप्रिया हळूच म्हणाली, त्यालाही कोड आहे.
भीत वगैरे नाही. एसी फार आहे.
नर्सने संमतीचा कागद पुढे केला. शाळेच्या चार हजार दाखल्यांवर माझी सही आहे, मोत्यासारखी. पेन टेकवलं. पहिलं अक्षर रेघेखाली गेलं, दुसरं पहिल्यावर चढलं, तिसरं आलंच नाही. नर्सने वाकून पाहिलं, आणि फार मायेने शाईचा पॅड उघडून माझ्यापुढे सरकवला.
म्हणाली, "लाजू नका आबा, लिहिता येत नसलं तर अंगठा चालतो."
दिला.