माळावरच्या गवतांची नावं

सर, तुमच्या गवतांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. मी तिची संपादक आहे आणि तुमचं एक वाक्य मी खोडलंय. राग आला तर येऊ द्या.

नोकरी लागली तेव्हा उमरग्याला तुमच्या घरी पेढे घेऊन आले होते. 'संपादक? म्हंजे दुसऱ्याच्या रानात खुरपायचं व्हय गं!' म्हणून तुम्ही हसलात. आज सांगते, हो, खुरपायचंच. तुमच्या पुस्तकात मारवेलच्या चित्राखाली पवन्याचं नाव पडलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीत बसून पोरींनी ते तसंच प्रबंधात उतरवलं, आणि त्यांच्या प्रबंधांवरून पुढच्यांनी. छापलेली चूक एकदा कपाटात जाऊन बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ती मी दुरुस्त केली तेव्हा तुमच्या मुलानं आभार मानले.

पण ऋणनिर्देशातलं वाक्य बदललं तसा त्याचा फोन आला. 'मॅडम, बाबांच्या शब्दाला हात लावायचा न्हाय. न्हायतर पुस्तक दुसरीकडं देतो.' वाक्य एवढंच, की गवतांची नावं ईट गावच्या माळावरील एका मेंढपाळ बाईने सांगितली. एका बाईने! अहो, निम्मं पुस्तक तिचं आहे. कुसळी कधी चारायची, शेडा कुठं उगवतो, सगळं तिनं भर उन्हात तुमच्या पुढं चालत दाखवलं. मी तिथं तिचं पूर्ण नाव घातलंय. ते राहणार नसेल तर पुस्तक खुशाल न्या, असं तुमच्या मुलाला सांगूनही टाकलंय. नोकरीवर आलं तरी बेहत्तर.

लेखकाला शंका विचारायची असली की आम्ही मुद्रिताच्या, म्हणजे तपासायच्या छापील पानाला चिठ्ठी लावतो. सवयीनं तुमच्यासाठीही लिहायला घेतली, तिचं हे एवढं झालं. तुम्ही गेल्यावर आता पाठवणार कुठं म्हणा. 'माहिती देणारीचं नाव का नाही?' एवढं लिहिलं आणि हात थांबला.

कारण तुम्ही विचारलं होतं, सर. त्या दिवशी माळावर वही उघडून तुम्ही मला म्हणालात, 'बाईंचं नाव काय गं?' मी तुमच्या कॉलेजात नवी, इस्त्रीच्या ड्रेसात. पुस्तकातल्यासारख्या शुद्ध भाषेत मी म्हणाले, 'माहीत नाही सर, मेंढरांमागची आहे कुणीतरी.' आईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ती तुम्हाला पुढचं गवत दाखवायला लागली.