रावसाहेबांची सुटका

वेंटवर्थव्हिल, सिडनी
रविवार, २९ ऑगस्ट २०२१

प्रिय चित्राताई,
सा. न. वि. वि.

शाळेत घोटून घेतलेलं पत्रलेखन हाताला अजून आठवतंय बघ. इकडे सगळे बरे आहोत. लॉकडाऊन चालूच आहे आणि आमच्या भागात तर जरा जास्तच कडक. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला हेमचंद्रचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला शाल्मलीची दुसरीची शाळा. मला औषधाच्या दुकानात कामाला जावं लागतं, म्हणजे या घरातली सगळ्यात सुखी बाई मीच.

फोन असताना पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत कोथिंबिरीच्या भावावर घसरतो. शिवाय व्हिडिओत शाल्मलीचं डोकं मध्ये असतंच. तिला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून हे हाताने. पोस्टाचा सध्या काही भरवसा नाही, तेव्हा पानांचे फोटो काढून तुझ्या नंबरवर पाठवीन. तुझ्या.

आधी टाकीतल्या समुद्रघोड्यांची बातमी. मे महिन्यातल्या पिल्लांपैकी ओंजळभर जगली. आता बोटाएवढी झाली आहेत आणि शेपटीने एकमेकांच्या गळ्यात पडून बसतात. गोठवलेली बारीक कोळंबी खायला शिकली, त्यामुळे आमचा बाटल्यांचा कारखाना एकदाचा बंद झाला. तुला व्हिडिओत दाखवला होता ना? उलट्या टांगलेल्या बाटल्यांत खारं पाणी, खालून हवेचे बुडबुडे, आणि त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीसारखे जीव उबवायचे. मग बॅटरीच्या उजेडाकडे ते गोळा झाले की टरफलांपासून वेगळे करायचे, कारण टरफल पोटात गेलं की पिल्लू दगावतं. दिवसातून चार-पाच वेळा हा उद्योग. ज्या माणसाने लग्नानंतर एकदाही दुधावर लक्ष ठेवलं नाही, तो हे सगळं न चुकता करत होता.

जोडीची नावं आईने ठेवलेली. हेमचंद्रने ती गेल्या वर्षी वुलनगाँगच्या व्हिव्हियनबाईंकडून आणली, त्या घरीच पैदास करतात. यांच्यात पोटुशी नर राहतो, मादी अंडी त्याच्या पोटाच्या पिशवीत घालून मोकळी होते, हे सांगितल्यावर आई ठसका लागेपर्यंत हसली होती. म्हणाली, 'एकदा तरी देवाने वाटप बरोबर केलं.' म्हणून तो रावसाहेब आणि ती बाईसाहेब. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स असलेली बाई ती. दर रविवारी व्हिडिओवर रावसाहेबांना तपासायची. एप्रिलमध्ये, तिला ताप यायच्या आधीच्या रविवारी, म्हणाली होती की दिवस भरत आलेत, पहाटे लक्ष ठेवा.

आता त्या सकाळचं लिहिते. साडेतीन महिने आपण दोघीही त्या सकाळच्या आजूबाजूने चालतोय.

इकडे रावसाहेबांना पहाटेपासून कळा येत होत्या. तो पुढे वाकायचा, सरळ व्हायचा, आणि प्रत्येक झटक्याला धूर सुटावा तशी पिल्लं बाहेर. शाल्मली काचेला नाक लावून ओरडत होती. हेमचंद्र चहाची गाळणी आणि वाटी घेऊन धावत होता. तेवढ्यात तुझा मेसेज आला. 'आईची सुटका झाली. पहाटे.'

ताई, आपल्या घरात तो शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने कधी आला होता का, सांग. आई ड्यूटीवरून यायची आणि चपला काढता काढता म्हणायची, 'त्या पाटीलबाईची सुटका झाली, दोघं खुशाल.' मी वाचलं आणि मला वाटलं की दवाखान्यातून सुटली, घरी आली. मी मोठ्याने म्हटलं, 'आजी घरी आली!' शाल्मली नाचायला लागली. आणि मी तुला लिहिलं, 'हुश्श! आमच्या रावसाहेबांचीही आत्ताच सुटका झाली. दोघांना मऊ भात आणि तूप घाला.'

तू ते कुठे वाचलंस, मला माहीत नाही. तुझा फोन यायला तासाच्या वर वेळ लागला. तू रागावली नाहीस. 'मधू, तुझा काहीतरी गैरसमज झालाय,' एवढंच म्हणालीस, बँकेतल्या बाईसारखी. त्या दिवसांत इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केलेली, आपलेच लोक परत आले तर तुरुंगात टाकू म्हणत होते. तिकडे जाऊन अडकायची माझी हिंमत झाली नाही. पण तो तासभर आई घरी होती. रिक्षातून उतरली, पिशवी मांडीवर धरून बसली होती ती वॉचमनच्या हातात दिली, जिन्यात मध्ये थांबून दम घेतला. हे मी इतकं स्पष्ट बघितलं की तुझ्या फोनने ते पुसलंच गेलं नाही. अजून नाही.

शाल्मलीला मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, तर पिल्लं मरायला लागली. हवा गिळून वर तरंगायची, आणि एकदा तरंगली की संपलं. रोज सकाळी चमच्याने काढायची. शाल्मली प्रत्येकासाठी रडायची, लिंबाच्या झाडाखाली पुरायची. त्यात आणखी एक मरण कुठून घालू? म्हटलं, पिल्लं सावरली की सांगू. तोवर माझ्या फोनवरून तिने आजीला बोलके निरोप पाठवायला सुरुवातही केली होती. आजी, आज एवढी राहिली. आजी, हे सगळ्यात छोटं. मी पाठवू दिले. वाटलं, आईचा फोन बंदच असेल.

आणि मग आईच्या नंबरवरून उत्तर आलं. 'गुणाची पोर.'

मी दुकानात मागच्या खोलीत उभी होते. तू आहेस हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, ताई. दुसरं कोण असणार? पण वर आईचा फोटो, तो हिरव्या साडीतला, आणि खाली 'ऑनलाइन'. मी तुला विचारलं नाही, तू मला सांगितलं नाहीस. रोज निरोप जायचे, रोज उत्तरं यायची, अगदी आईच्या शब्दांत, आणि मी ती शाल्मलीला वाचून दाखवायचे. हेमचंद्रने एकदा म्हटलं, हे बरं नाही, थांबवा. मी त्याला सांगितलं की ताईला एकटीला सोबत होते. खोटंच सांगितलं. सोबत मला होत होती.

जुलैमधली ती दुपार तुलाही आठवत असेल. लस मिळत नाही म्हणून एक गिऱ्हाईक माझ्यावर वाट्टेल ते ओरडून गेलं. मी डबा न उघडता बसले होते आणि आईला लिहिलं, 'आई, दमले गं.' शाल्मलीच्या नावाने नाही, माझ्या. लगेच उत्तर आलं, 'जेवलीस का? आधी जेव.' मी जेवले. बरोबर काम करणाऱ्या रेनीने विचारलं, आर यू ओके? मी तिला म्हटलं, 'माय मम सेज ईट फर्स्ट.' आई गेल्याचं तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

त्याच सुमारास बाईसाहेब गेली. खाणं सोडलं आणि एका सकाळी तळाशी आडवी दिसली. ही जोडी रोज सकाळी टाकीतल्या एका दांडीपाशी भेटायची. शेपट्या गुंफून, रंग उजळून, गोल गोल फिरायची. ती गेल्यावरही रावसाहेब त्याच दांडीपाशी यायचा, पिवळाधमक व्हायचा, वाट बघायचा, मग फिकट पडायचा. त्यानेही खाणं सोडलं. व्हिव्हियनबाईंकडे जाणं शक्य नव्हतं. त्यांनी फोनवर सांगितलं की काचेला बाहेरून आरसा लावा. लावला, आणि तो नाचला. शाल्मलीने टाळ्या वाजवल्या, लगेच आजीला व्हिडिओ गेला. 'वा गं वा' असं तू लिहिलंस.

पुढचं तुला कळवलं नव्हतं. तो आरशासमोरून हलेचना. खाणं जवळून वाहत जायचं, तो बघायचाही नाही. पाठीचे काटे दिसायला लागले. मी व्हिव्हियनबाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, 'यू लेफ्ट इट अप टू लाँग, लव्ह. ही थिंक्स शी इज होम.'

हेमचंद्रने आरसा काढला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर माझ्या फोनशेजारी आणून ठेवला.

गेल्या सोमवारी मी शाल्मलीला सांगितलं.

ती रडली नाही. कधी, विचारलं. मेमध्ये, म्हटलं. मग ती आठवत बसली. तिचा दात पडला तेव्हाही आजी नव्हती? हो. वाढदिवसाचं गाणं म्हटलं तेव्हा? हो. तीन दिवस तिने जेवण बापाच्या हातून घेतलं. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, 'देन हू वॉज टॉकिंग टू मी?' मी सांगितलं, चित्रा मावशी. आजीच्या घरी कोण कोण असतं, हे तिने विचारलं. मी म्हटलं, आता मावशी एकटीच. त्यावर तिने विचारलं, 'ममा, डिड एनीवन लुक आफ्टर मावशी?'

म्हणून हे पत्र, ताई.

सोमवारपासून इकडून निरोप आलेले नाहीत हे तुझ्या लक्षात आलं असणार. बुधवारी आईच्या फोनवरून आलं, 'कुठे आहात गं सगळे?' शुक्रवारी पुन्हा, 'रागावलात का?' मी दोन्ही वेळा वाचलं. दोन्ही वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. त्या रिकाम्या घरात ते निळे टिक बघत तू बसली असशील, या कल्पनेने मला दोन दिवस काही सुचत नाहीये. तुझ्याकडून मी काय काढून घेतेय, ते मला कळतंय. तुला त्या फोनवर बोलावणारं जगात एकच पोर होतं.

पण मला त्याहून वाईट गोष्ट कळली. मी तुला विचारलंच नाही कधी. दवाखान्यात बेड कसा मिळाला, ऑक्सिजनसाठी कुणाकुणाला फोन केलेस, तुला आत सोडलं का, ती काही बोलली का, बरोबर कोण होतं, घरी परत आल्यावर दार तुझं तूच उघडलंस का. मी विधी कुणी केले तेवढं विचारलं आणि पैसे पाठवू का म्हटलं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. ऐकलं असतं तर आई जिन्यावरून उतरून गेली असती. म्हणून मी तिला इथे घरी ठेवून घेतली आणि ती मेली तेव्हाची सगळी रात्र तुझ्या एकटीच्या गळ्यात टाकली. तू तरी किती दिवस तिच्या आवाजात बोलणार होतीस? तुला तुझा आवाज काढायला मी जागाच ठेवली नव्हती.

आईच्या फोनचं काय करायचं ते तू ठरव. मी त्यावर आता लिहिणार नाही. तुझ्या फोनवरून मला फोन कर, कधीही. दुकानात असले तर बाहेर येईन, कोथिंबिरीचं नाव काढणार नाही. पहिल्या तापापासून सांग. रडायला आलं तर थांब, मीही थांबेन, मग पुढचं सांग. शाल्मली शेजारी असेल, तिलाही ऐकायचंय म्हणते. तिला मावशीशी बोलायचंय.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायची रीत आहे. मला काहीच कळलेलं नाही ताई, मी कुठल्या तोंडाने लिहू?

तू कळव.

तुझी,
मधू