अकरा पंचनामे

छत्रपती संभाजीनगर, ४ जुलै २०२५

ती. कडूबामामांस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुमचं हॉटेल चौकीला खेटून आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर, म्हणून.

पोरगी गुन्हे मोजते, असं तुम्ही आईला म्हणालात. तसंच आहे. संस्थेत बसून खटल्यांचे कागद वाचायचे, आरोपी किती दिवस आत आहे, साक्षीला कोण, हे टिपायचं. तुमच्या भागातल्या साठ खटल्यांपैकी अकरा पंचनाम्यांवर एकाच पंचाची सही आहे. मामा, सहीचा तो लपेटा मी ओळखते, पहिलीत तुम्ही माझ्या पाटीवर अक्षरं काढून द्यायचात तेव्हापासून. चोरीचा माल सापडतो तिथं नेमके तुम्हीच कसे असता? काही घेता का? विचारायला लाज वाटते, तरी विचारते.

मामींचे गुडघे कसे आहेत? राग आला तरी माया पातळ करू नका.

तुमची श्रेया


खडकवस्ती फाटा, ११ जुलै

चि. श्रेयास,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या मामीला, द्वारकाला, दाखवलं नाय. तुला कुणी लावून दिलं, ते आधी सांग. एक अनोळखी माणूस दोनदा येऊन चहा पिऊन गेला. नुसता माझ्याकडं बघत होता. तुमच्यातलाच का?

एक रुपया घेतला नाय. साहेब हाक मारतात, मामा, एक सही द्या. इकडं दूध उतू चाललेलं, वाचायला सवड कुणाला? नाय म्हणलं तर टपरी उद्या अतिक्रमणात. आन साहेब उगाच कुणाला धरतेत का?

डिसेंबरात तुझ्या लग्नात मामा म्हणून उभं राहायचं का पोलिसांचा माणूस म्हणून, तेवढं कळव. आशीर्वाद आहेतच.

कडूबामामा


छत्रपती संभाजीनगर, १८ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मला कुणी लावून दिलेलं नाही. तो माणूसही आमचा नाही.

एकच पंचनामा सांगते. बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा. मेंढरं वळणाऱ्या मल्हारीच्या झोपडीमागून विहिरीवरची चोरीची मोटार निघाली, तुमच्या डोळ्यांदेखत. मामा, त्या वेळी तुम्ही इथं माझ्या साखरपुड्यात फेटा बांधून पाहुण्यांना पेढे देत होता. फोटो आहे. मल्हारी तेव्हापासून तुरुंगात आहे. झोप लागत नाही मला. फोटो मी त्याच्या वकिलांना देऊ शकते, पण आधी तुम्हाला लिहिलं.

उत्तर द्या. अबोला धरू नका.

श्रेया


खडकवस्ती फाटा, २ ऑगस्ट

चि. श्रेयास,
अ. उ. आ.

तो अनोळखी माणूस काल परत आला. या वेळी मीच नाव विचारलं. हनुमान, मल्हारीचा भाऊ. त्या दिवशी मी काय पाहिलं, ते विचारायला यायचा आन न विचारता जायचा. भ्यायचा म्हणे. मला! दिवसभर कपबश्या विसळणाऱ्या माणसाला! लई वाईट वाटलं, पोरी.

कागद सहीला आला तो तेरा तारखेला. मी काहीच पाहिलेलं नाय. सोमवारी वकिलांकडं येतो, कोर्टातही हेच सांगीन. टपरी राहील नाय तर जाईल. बाकी दहा कागदही काढून ठेव.

लग्नात मामाची जागा मोकळी ठेव. हे पत्र द्वारकानं वाचलं, मी दोनदा वाचलं, आन मगच खाली सही केली.

कडूबा