पेटीचा घसा बसला

ग्रोव्ह हिल, अलाबामा
५ मार्च १९६८

सौ. डोराताईस,
सा. न. वि. वि. या खेपेला नमस्कार जरा जास्तच वाकून आहे, कारण रानटर्कीला हाक घालायच्या बाबांच्या लाकडी पेटीवर मी बसलो.

ट्रकमध्ये सीटवर कोट होता, कोटाखाली ती होती. देवदाराच्या पातळ भिंतीला केसाएवढी चीर गेली आहे. पूर्वी झाकण काठावर घासलं की टर्कीची मादी नराला लाडात बोलावते तशी बोलायची! आता नुसती गुणगुणते, बाटलीत माशी अडकावी तशी.

बाबांना सांगितलेलं नाही. त्यांना चीर दिसणार नाही, पण कान असे आहेत की मी फ्रिज उघडला की काय खातोय ते अंगणातून सांगतात. ओढ्यापलीकडचा म्हातारा नर यंदाही आला नाही, तर बंदूक मला देऊन टाकणार आणि खुर्चीतून हलणार नाही म्हणतात. आई गेल्यापासून पहाटे उठायला त्यांना एवढा शिकारीचा हंगामच उरलाय, म्हणून मला भीती वाटते. दुसरी पेटी आणू का विचारलं, तर दुसरं लग्न सुचवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

तुझा हात व्हायोलिनं जोडणारा. पेटी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. हॉइट भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, पेटी पाहिल्यावरही राहू दे.
तुझा,
लव्हॉन

मोबील
१२ मार्च

चि. लव्हॉन यास,
अ. उ. आ., कान धरून.

चीर बोटानं हलकेच फाकवून पातळ सरस आत मुरवला, ओघळ लगोलग पुसला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली, बेतानंच, नाहीतर भिंत वाकते. सुकल्यावर अशी बोलली की शेजारच्या कोंबड्या कुंपणाशी आल्या.

मग मी चर्चला गाण्याच्या तालमीला गेले. तेवढ्यात तुझ्या भावोजींना मदतीची हुक्की आली. त्यांनी पेटीला फर्निचरचं तेल चोळलं, काठांनासुद्धा! तेलावर खडू धरत नाही आणि खडूशिवाय पेटी मुकी. वर मलाच विचारतात, दिसते तरी छान ना? तेव्हापासून भांडी तेच घासताहेत.

काठ बारीक पॉलिश पेपरनं घासून काढले, खडू लावला. आवाज आला, पण तो नव्हे. घसा बसल्यासारखा आणि जरा रागीट. आता आणखी घासायला माझा हात धजत नाही. बाबांना खरं सांग. रागावले तर आधी हॉइटचं नाव घे.

त्यांच्या पायात लोकरी मोजे घालत जा. माया असू द्यावी.
तुझी ताई,
डोरा

ग्रोव्ह हिल
२३ मार्च

चि. डोरा हीस,
बाबांचे अ. उ. आ. लिहितोय लव्हॉन, सांगतोय मी. त्यानं मध्ये काही घुसडलं तर मानू नकोस.

पेटी हातात देताना तो खोकला. लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी खोकतो. (ताई, मला खरंच खोकला होता.) मी एकदाच घासली आणि म्हटलं, ही माझी पेटी नव्हे. मग त्यानं सगळं भडाभडा ओकलं. मी फार चिडलो. तरी पहाटे ट्रकमध्ये बसलो, त्याचं पडलेलं तोंड बघवेना म्हणून.

ओकच्या बुंध्याशी टेकलो आणि झाकण ओढलं. पलीकडे सामसूम. दुसऱ्यांदा जोरात ओढलं, तर पेटी चक्क खेकसली. अगदी तुझी आई गं! मागच्या दारात उभी राहून, जेवण निवतंय म्हणून ओरडायची, तस्सा आवाज. इतकी वर्षं मी त्या नराला लाडीगोडीनं बोलवत होतो, तो हलला नाही. या हाकेसरशी ओढ्यावरून उडून आला आणि मान खाली घालून तुरुतुरु माझ्याकडे धावत आला. ती चाल माझ्या ओळखीची आहे.

लव्हॉन म्हणतो, नर समोर होता, बार का नाही केला? कसा करणार? हाक ऐकली आणि मीच उठून उभा राहिलो होतो, टोपी हातात घेऊन.

नर अर्थात पळाला. लव्हॉन अजून बोंबलतोय.

बंदूक मी कोणाला देत नाही. उद्या पहाटे पुन्हा जायचंय. हॉइटला माझे आशीर्वाद सांग, आणि आता त्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. तुझ्या आईची फार आठवण येते गं. अशीच लिहीत राहा.
तुझे,
बाबा