तापात पळू नये

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या धावगटाच्या नव्या फलकावर गोट्याचा फोटो छापायचा आहे आणि त्याखाली, फिजिओथेरपिस्ट बहीण म्हणून, मी नवशिक्यांना चार सल्ले द्यावेत म्हणतोस. देते की. लोकांना सल्ले देऊनच माझं पोट भरतं.

आपला धाकटा गोट्या माझ्याकडे आला तेव्हा दोन जिने चढून त्याला बोलताही येत नव्हतं. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून लोकांचे पडदे शिवायचा, दुसरं काय होणार! शाळेत पालकांची शर्यत होती आणि त्याची लेक म्हणाली होती, "बाबा, तुम्ही नका येऊ." ते त्याला फार लागलं. आधी मी त्याचं हृदय तपासून घेतलं, मग बूट बदलायला लावले. जरासं पळायचं, बरंचसं चालायचं. बायकोची तक्रार धाप न लागता सांगता आली पाहिजे, तोच आपला वेग, असं मी म्हटलं तर पोट धरून हसला. पण ऐकलं त्याने. सहा महिन्यांत न थांबता तळ्याला फेरी मारायला लागला आणि मला मिठी मारून घामाने भिजवून गेला.

मग त्याला तुझ्या गटात यायची हौस आली. तू सगळ्यांसमोर त्याला कासव म्हणालास. मला राग आला, तो मात्र खूश! दादाने आपल्याला नाव ठेवलं म्हणजे दादाचं आपल्याकडे लक्ष आहे, एवढंच त्याला कळलं. लहानपणी तुझे आखूड झालेले शर्ट मिरवत फिरायचा, तसाच.

तुझ्या गटाच्या शर्यतीच्या सकाळी मी त्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. छातीवरचा नंबर काढ म्हणाले. तो काढतही होता. तेवढ्यात तू आलास, गळ्यात शिट्टी. "ताप घामाबरोबर उतरतो रे. मनाने खचलेल्यांनाच बरोबर शर्यतीच्या दिवशी ताप येतो. बस ताईच्या पदराआड." मी त्याचा दंड धरला होता. त्याने माझा हात हळूच सोडवला. आयुष्यात पहिल्यांदा.

शर्यत पूर्ण केली त्याने. गळ्यात पदक पडलं, तू फोटो काढलास, आणि तो खाली बसला तो त्याला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. तापाचा संसर्ग हृदयाच्या स्नायूत उतरला होता, असं डॉक्टर म्हणाले. अंथरुणात पडून राहिला असता तर बहुधा निभावलं असतं.

त्यानंतर मशीनवर बसणं सुटलं. आडवं झोपलं की जीव घाबरायचा, म्हणून उशांना टेकून रात्र काढायचा. दाराची घंटा वाजली की म्हणायचा, "दादा असेल." दूधवाला असायचा. तू एकदाही आला नाहीस, पण मोबाइलवरच्या तुमच्या गटात त्याचा फोटो टाकलास, "तापातही न थांबलेला वाघ". तो त्याच्या बायकोने दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिला. आत मी त्याचे सुजलेले पाय चोळत होते.

तर लिही सल्ले. ताप असेल तर पळू नये. बरं झाल्यावरही थोडे दिवस थांबावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर शर्यत तिथेच सोडावी. आणि आपला ज्याच्यावर फार जीव आहे, त्याला गुरू करू नये.

फोटोही छाप. गोट्याची परवानगी विचारायला नको, तो परवा दुपारी गेला. सगळं उरकलं. तुला कळवायचं का, हे त्याच्या बायकोने माझ्यावर सोडलं आणि मी ठरवलं. शेवटच्या सकाळी तो म्हणाला, "ताई, दादाला बोलाव ना." मी बाहेर जाऊन आले आणि सांगितलं, निघालाय तो. फोन केलाच नव्हता. तू आला असतास, त्याच्या डोक्यावर हात ठेवला असतास, आणि त्या वेड्याने तुला हसत हसत माफ करून टाकलं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

तुझीच,
धाकटी बहीण