पानिपत झाल्यावर बोलू

२ नोव्हेंबर १९९७, रविवार. गुडगाव.
आजपासून रोजनिशी. वाचायला कोणी नाही, मलाच नोंदी लागतील. संकल्प: या हिवाळ्यात पानिपत जिंकायचं. मराठ्यांच्या बाजूने.
व्यवस्था: जेवणाच्या टेबलावर नकाशा. षटकोन मी स्वतः आखले. सोंगट्या, वीस पैलूंचे फासे. नियमावली माझी, आवृत्ती तिसरी. पंच मी. मराठ्यांचा सेनापतीही मी. राजवीर म्हणाला, भाईसाहब, अंपायर भी आप, बैट्समन भी आप? त्याला समजावलं की मी निःपक्षपाती आहे. गप्प बसला. पटलं असावं.
पद्मजा म्हणाली, जेवायचं कुठे? म्हटलं, संक्रांतीपर्यंत ताट मांडीवर घेऊ.
तिला बँकेत बढती मिळाली. नाशिकला मॅनेजर, जानेवारीच्या मध्यात हजर व्हायचं. आमच्या कंपनीचंही नाशिकला युनिट आहे. तिथे माझ्या ग्रेडची एक जागा रिकामी आहे आणि अर्ज ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा, ही चौकशीही तिनेच केली. म्हटलं, पानिपत झाल्यावर बोलू. ती म्हणाली, अरे, पानिपत चौदा जानेवारीला आहे. तारीख पाठ आहे! हळूहळू गोडी लागते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.
पहिली बैठक. मंडळींचा स्वभाव ओळखल्याशिवाय युद्ध चालवता येत नाही, म्हणून वर्गीकरण करून ठेवतो.
राजवीर. ऑफिसातला, परचेसमध्ये, रोहतकचा. अफगाण बाजू. फक्त जिंकायला येतो. जीतना नहीं तो बैठे क्यों हैं, असं म्हणतो आणि नियमावलीतल्या फटी शोधतो. (फटी नाहीत.)
लतिका. नॉएडाहून येते. करोलबागेत वाढलेली. दोन वर्षं अमेरिकेत राहून, पात्र होऊन बोलायचे खेळ शिकून आली. तिला घोडदळ दिलं, तर तिने त्या सरदाराला गुडघेदुखी दिली आणि एक रागावलेला भाऊ दिला. यार हेरंब, याचं काही तरी दुःख असेल ना! म्हटलं, त्याचं मूल्य पाच आहे. बस.
भाऊसाहेब. रिटायर्ड सुभेदार मेजर, साताऱ्याकडचे, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये मुलाकडे असतात. शिशाचे सैनिक स्वतः रंगवून आणतात. प्रत्येकाची मिशी वेगळी. मेलेला सैनिक टेबलावरून उचलू देत नाहीत. साहेब, जखमी झालाय तो, पडू द्या जरा. त्यांना खंदकाच्या दारावरचा पहारा दिला. तिथे कोणी मरत नाही.
मी: कुठल्याच प्रकारात बसत नाही. संतुलित.

१६ नोव्हेंबर, रविवार.
पद्मजाने चहा ठेवता ठेवता विचारलं, या कोपऱ्यातल्या राखाडी सोंगट्या कोण? सांगितलं, बुणगे. सैन्याबरोबर निघालेली बायकापोरं, यात्रेकरू, बाजारवाले. लढत नाहीत. तिने विचारलं, मग खातात काय? म्हटलं, आवृत्ती तिसरीत खाणं नाही.
लतिका लगेच, वहिनी, तुम्हीच घ्या ना या सोंगट्या! मीही परवानगी दिली. संसारी माणसाला सोपं काम बरं. नियम अकराप्रमाणे बुणग्यांना चाल नसते, त्यामुळे ती चुकूही शकत नाही.
ती बसली. हात मांडीवर ठेवून सगळा वेळ नकाशाकडे बघत होती. एकाग्रता चांगली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार.
प्रत्यक्ष रणभूमीची पाहणी. राजवीरच्या व्हॅनमधून पानिपत. धुकं इतकं की व्हॅनचं टोक दिसेना. सोनिपतच्या पुढे भाऊसाहेब म्हणाले, अशा धुक्यात माणूस आपल्याच माणसांपासून सुटतो, आणि कळतं फार उशिरा. जुन्या लोकांना असं काहीतरी बोलायची सवय असते.
रणभूमीवर आता कापडाचे कारखाने आहेत. मी पावलं टाकून तोफांचा पल्ला मोजला, मग शेताच्या मालकाने हाकललं.
पद्मजाने बाजारात चादरी घेतल्या. एकट्याच्या पलंगाच्या. म्हटलं, आपला पलंग डबल आहे. म्हणाली, माहीत आहे. मापात गोंधळ झाला असेल तर बदलून आण म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. थंडीने असेल.

१४ डिसेंबर, रविवार.
सकाळपासून वीज नाही. जनरेटरच्या आवाजात बैठक. खेळाची शिस्त बिघडते आहे.
पद्मजाने सोंगट्यांना नावं दिली आहेत. कृष्णाबाई म्हणून एक म्हातारी, काशीला निघालेली. एक तेली, एक बाळंतीण. आता आल्या आल्या सगळे विचारतात, कृष्णाबाईंचं कसं आहे? माझा उजवा मोर्चा कसा आहे, हे कोणी विचारत नाही. राजवीरसुद्धा! भाभीजी, बुढ़िया ठीक है ना? शत्रू आहेस तू, म्हटलं त्याला. तो म्हणाला, दुश्मन हूँ, राक्षस थोड़े ही हूँ.
भाऊसाहेब म्हणाले, साहेब, बैलांना तरी चारा लिहा. बिनचाऱ्याची तोफ मी नोकरीत पाहिली नाही. म्हणून आवृत्ती चौथी काढली. त्यात खाणं आहे. पहिल्याच हिशेबात आमच्या छावणीतलं धान्य संपलं. फासे सदोष असावेत.
घरात पद्मजा आवराआवर करते आहे. कपाट अर्धं रिकामं. पडदेही काढून धुवायला टाकले, ते परत लावलेले नाहीत. आटोपशीर तळ हे चांगल्या छावणीचं लक्षण. फक्त पडदे नसल्यामुळे समोरचे रिकामे प्लॉट थेट दिसतात. तिथे संध्याकाळी कुत्री गोल करून बसतात, तोंडं आपल्या बिल्डिंगकडे. रोज थोडी जवळ वाटतात.

२१ डिसेंबर, रविवार.
आज पद्मजा प्रथमच खेळात बोलली. लतिकाने शिकवल्याप्रमाणे, पात्र होऊन. म्हणाली, सरदार, इथे आता काही उरलेलं नाही. आम्ही दक्षिणेला निघू म्हणतो. तुम्ही येता का?
नियम तीन वाचून दाखवला: सेनापती मुख्य षटकोन सोडत नाही.
तिने पुन्हा विचारलं, तुम्ही येता का?
म्हटलं, तुला मुळात चालच नाही. नियम अकरा.
तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी सरदार म्हणाली नाही, हेरंब म्हणाली. पात्रातून बाहेर येणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तसं सांगितलं. लतिका उठून गॅलरीत गेली. भाऊसाहेब उगाच एका सैनिकाची धूळ पुसत बसले. राजवीरने शेंगदाणे खायचं थांबवलं.
खेळात भावना आणल्या की असं होतं. वर्गीकरणात पद्मजाची नोंद केली: अनिश्चित.

३१ डिसेंबर, बुधवार. सकाळ.
आज नाशिकचा अर्ज देणार. पक्कं. पद्मजाने फॉर्म भरून ठेवला आहे, फक्त सही हवी. तिला सरप्राइज देऊ.

दुपार.
लंचमध्ये तोफांच्या नियमात मोठा दोष सापडला. पुढे जाता जाता तोफ मागेही डागता येते. ताबडतोब दुरुस्ती हवी.

संध्याकाळ.
दुरुस्ती झाली. आवृत्ती पाचवी. पर्सोनेलचा माणूस न्यू इयरमुळे लवकर निघून गेला होता. लोकांना कामाची काही पडलेलीच नाही. त्याच्या दाराच्या फटीतून अर्ज सरकवता आला असता, पण सही करायची राहिली होती, आणि पेन वर माझ्या टेबलावर होतं.
पद्मजाने विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं: एकाच जागी टिकून राहण्याला किंमत असते, शिवाय गुडगाव वाढतं आहे. पण तिने विचारलंच नाही. माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि भात वाढला. समजूतदार आहे. विषय टळला.

११ जानेवारी १९९८, रविवार.
आज जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे बेकायदा काय ते स्पष्ट होईल.
पद्मजा म्हणाली, तळ निघाला. मी म्हटलं, नियम अकरा. ती माझ्याशी बोललीच नाही. भाऊसाहेबांकडे वळली आणि म्हणाली, सुभेदार, दार उघडता का? भाऊसाहेबांनी उघडलं! वर म्हणाले, माझी माणसं सोबतीला देतो वहिनी, रस्ता वाईट आहे. अख्खा पहारा गेला. एकही मिशी मेली नाही, म्हणून स्वारी खुश.
बाहेर राजवीरची फौज. मला वाटलं, आता कळेल. पद्मजा म्हणाली, खानसाहेब, आम्हाला जाऊ द्या, सगळे बैल तुम्हाला. राजवीरने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. बैल गेले की माझ्या तोफा जागच्या जागी. त्याने उडीच मारली. भाभीजी, डन! लतिकाने कृष्णाबाई होऊन त्याला आशीर्वाद दिला, तर तो चक्क वाकला.
मी म्हटलं, असा तह नियमात नाही. भाऊसाहेब म्हणाले, साहेब, बंदी तरी कुठं लिहिली आहे? राजवीर म्हणाला, मैं जीत गया, और भाभीजी भी जीत गईं. दोघं कसे जिंकतील? नियमावलीत विजेता एकच आहे. हे मी तीनदा सांगितलं. ते हसत होते. इतक्या आठवड्यांत या टेबलाभोवती कोणी असं हसलं नव्हतं.
राखाडी सोंगट्या यमुनेच्या काठाने खाली, खाली, नकाशाच्या कडेपर्यंत गेल्या. मी म्हटलं, तू मला आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, मी तीनदा विचारलं, हेरंब. तू म्हणालास, बुणग्यांना चाल नसते.
पात्रात बोलत होती की बाहेर, कळलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार.
उद्या पानिपत. कॅज्युअल लीव्ह टाकली. सर्वांना सकाळी दहाला बोलावलं आहे. पद्मजाचीही उद्याचीच गाडी, निजामुद्दीनहून, तीही सकाळचीच. योगायोग. स्टेशनवर येतोस का, विचारलं. म्हटलं, अगं, उद्या संक्रांत, उद्याच लढाई, इतिहासाची तारीख कशी बदलणार? ती म्हणाली, बरोबर आहे. वाद घातला नाही. मन वळलं की माणूस असा शांत होतो. दोन महिन्यांत ट्रान्सफर रद्द करून परत येईल, असा माझा अंदाज आहे. माझे अंदाज चुकत नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार. सकाळी दहा.
सज्ज. धुकं दाट. सामान राजवीरच्या व्हॅनमधून गेलं. त्याने आपण होऊन विचारलं म्हणे. तिळगूळ टेबलावर ठेवून गेली आहे.

साडेअकरा.
कोणी आलेलं नाही. ट्रॅफिक.

दुपारी तीन.
भाऊसाहेबांच्या सूनबाईंना फोन केला. म्हणाल्या, बाबा तर पहाटेच निजामुद्दीनला गेले, सगळेच गेलेत, पद्मजावहिनींना पोचवायला. धुक्यामुळे गाडी पाच तास लेट. प्लॅटफॉर्मवर चटई टाकून बसलेत, मजा चालली आहे, बाबांनी पीसीओवरून सांगितलं. काहीतरी खेळत आहेत.
ऐन लढाईच्या दिवशी फितुरी. वर्गीकरण नव्याने करावं लागेल.

संध्याकाळ.
वीज नाही. बिल्डिंगमध्ये आज फारच कमी लोक आहेत, किंवा पहिल्यापासूनच कमी होते. जनरेटर का लावला नाही म्हणून खाली गेलो. चौकीदार म्हणाला, साब, एक ही फ्लैट के लिए नहीं चलता. कुत्री आता गेटच्या आत आहेत.

१८ जानेवारी, रविवार.
लतिकाचा फोन. खेळ आता तिच्या घरी होणार, नॉएडाला. बुणगे दक्षिणेकडे निघालेत, पुढे काय होतं ते खेळायचं. पद्मजा दर रविवारी नाशिकहून फोनवर तिची बाजू सांगणार, एसटीडीचे दर उतरले की. म्हटलं, छान, पंच म्हणून येतो. लतिका म्हणाली, पंच नकोय रे. असाच ये. वाटेत त्यांना एक चुकलेला माणूस भेटणार आहे, तो तू हो. काय येतं त्याला, ते तू ठरव.
विचारलं, त्याचं मूल्य किती?
मग म्हणाली, अच्छा, चलो, सोचकर बता.
नकार दिला. मूल्य नसलेली सोंगटी मी खेळत नाही.

२५ जानेवारी, रविवार.
ऐतिहासिक दिवस. पानिपत जिंकलं.
दोन्ही बाजू मीच खेळलो. आवृत्ती पाचवी, पूर्ण नियमानुसार, कुठेही सवलत नाही. तळाचं ओझं नसल्यामुळे सैन्याचा वेग दुप्पट झाला. खाणारी तोंडं नाहीत, म्हणून धान्य पुरलं. दुपारी अफगाण फळी फुटली. हिशेब पुन्हा तपासला. निर्विवाद.
लगेच नाशिकला फोन लावला. तिने उचलला. मागे बायकांचे आवाज होते, ऑफिसातल्या असाव्यात, जेवायला बोलावलेल्या. म्हटलं, पद्मजा, जिंकलो! ती म्हणाली, अरे वा. खरंच आनंदाने म्हणाली. मग विचारलं, समोर कोण होतं? सांगितलं. ती म्हणाली, हं. स्वतःला जप. आता ठेवते, पानं वाढली आहेत.
विजयाचा चहा करायला उठलो. गॅस पेटेना. सिलिंडर संपला आहे. तो कोणाकडे, कुठल्या नंबरवर, कुणाच्या नावाने सांगायचा असतो, याचा शोध घेतला. कुठेच काही लिहिलेलं नाही. शेजारचा फ्लॅट बंद. त्याच्या शेजारचाही.
पुन्हा नाशिकला फोन करावा लागेल. तिचं जेवण होईपर्यंत थांबतो.