यांचं नाव

५ जानेवारी, सोमवार
पहिली टपकली ती खालच्या मजल्यावरची ज्योती. भरीत द्यायला आली नि माझं सामान किती ते बघून गेली. एक पत्र्याची पेटी! भडगाव सोडून मेहरूणला लेकाकडे, नवलकडे, कायमची आले. खिडकीतून तलाव दिसतो. कुणी ओरडत नाही. माझी दोन बोटं वाकडी कशी, तेही ज्योतीनं विचारलंच. मळणीयंत्रात गेली म्हटलं. घरातही सगळ्यांना तेच सांगितलंय. खरं असं, की भाजीत मीठ जास्त झालं आणि यांनी वरवंट्यानं ठेचली. हे गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून मी पोटभर जेवते.

नात मोनालीनं जुना लॅपटॉप दिलाय. मी तिसरी नापास, पण आपण बोलायचं, तो लिहितो. ही रोजनिशी वाचणार नाही, असं तिनं कबूल केलंय. 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं', 'आहे'ऐवजी 'शे' असं आपलं अहिराणी बोललं की खाली लाल रेघ! त्याच्या शब्दकोशात टाकलं की ओळख पटते म्हणे. टाकायला शिकले.

७ जानेवारी, बुधवार
धुरपदाबाई म्हटलं, तर लाल रेघ. माझी जिवाची मैत्रीण! विहिरीत गेली त्याला वीस वर्षं झाली म्हणून काय ओळखायचं नाही? टाकलं नाव. दुपारी बेल वाजली. दारात धुरपदा, लुगडं ओलं. भ्यायचं सुचलंच नाही, इतका आनंद झाला. म्हणाली, बठ्ठं मस्त शे तुनं. फरशी मात्र तीनदा पुसावी लागली.

९ जानेवारी, शुक्रवार
आज माझी जाऊ कुंदाबाई, बाळंतपणात गेलेली. नाव टाकलं नि आली. दोघी माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत होत्या. धुरपदा म्हणाली, तुझा धनी विचारतो, मलाच का नाही बोलावलं? मी म्हटलं, मेले तरी टाकणार नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. एकदा न्हाणीत मुद्दाम घ्यायला बसले होते, तर जीभच वळली नाही. दोघी खो खो हसल्या. मीपण.

१२ जानेवारी, सोमवार
मोनाली परीक्षेला धुळ्याला गेली. जाताना गळ्यात पडली. म्हणाली, आजी, तुला आबांचं नाव घेता येत नाही ना, मीच टाकून दिलंय शब्दकोशात. किती आठवण येत असेल तुला!
दुपारी दोघी आल्या. हातात हिरवा चुडा नि कुंकू. तयार ऱ्हाय वं, म्हणाल्या. गुरुवारी येतो. तिघं.

१४ जानेवारी, बुधवार
मोनालीला फोन केला, काढ ते. ती हसली. तिकडून निघत नाही म्हणे. यादी उघड, नाव मोठ्यानं बोल, मग 'काढून टाक' म्हण.
सकाळपासून बसलेय. ओठ मिटतात. पन्नास वर्षांची सवय—
भाजी खारट झाली. मी मीठ घातलंच नव्हतं.

१५ जानेवारी, गुरुवार
नवल दुकानात. बेल. दोघींचं हसणं. जिन्यात वहाणा— यांच्याच, तशाच करकरतात—
या घरात मिक्सर आहे. वरवंटा नाहीच. ओट्यावर वरवंटा—
काढून टाक. काढून टाक. नाव बोला, म्हणतोय हा लॅपटॉप.
कडी आपोआप—
घेते नाव, घेते—
हि—